रिकाम्या किल्ल्यातून आलेलं उत्तर

सारा जन्म वायरी ओढण्यात गेला, त्यामुळे गोष्टही थोडी ओढून सांगायची सवय लागली आहे. वाचकांनी ती हवी तेवढी सैल करून घ्यावी. पाळीच्या बापू गावसांची गोष्ट मात्र मी वीतभरही ओढलेली नाही. ती मुळातच ताणलेली होती.

मी गुणाजी, गाव हळर्ण. आधी केबल टीव्ही, मग इंटरनेट. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत मी चढलो नाही असा खांब कुणी दाखवला तर त्याच खांबाला मला उलटा टांगावा. लाटंबार्सेला एका बाईंनी आमच्या फायबरच्या तारेवर खारवलेले बांगडे वाळत घातले होते. आठवडाभर वाड्यावरच्या मांजरांना नेट मिळालं, माणसांना नाही. हळर्णच्या एका माकडाने राउटर पळवला आणि किल्ल्याच्या पडक्या भिंतीवर बसून तो असा उलटासुलटा करून तपासला, की आमच्या ऑफिसातल्या दोघांपेक्षा याला जास्त समजतं अशी माझी खात्री पटली.

या धंद्यात पक्कड विसरली तर एक वेळ चालतं, संशय विसरून चालत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, 'कुणी हात लावला नाही.' म्हणजे घरातल्या सगळ्यांनी लावलेला असतो. शेजारी म्हणतो, 'तुमच्या वायफायचा पासवर्ड मला कशाला?' म्हणजे त्याला तो पाठ असतो. आणि शेट, म्हणजे आमच्या कंपनीचा मालक, म्हणतो, 'आपल्याकडून काही फॉल्ट नाही.' या वाक्यावर संशय घ्यायला मात्र मला फार वर्षं लागली.

कंपनीचं नाव सांगत नाही. शेट हयात आहे आणि त्याचा वकीलही.

तर त्या रविवारी सकाळी शर्मिलाचा फोन आला. शर्मिला म्हणजे बापू गावसांची एकुलती एक मुलगी. बापू पाळीच्या खाणीवर फोरमन होते. खाण बंद पडली तेव्हापासून घरी. शर्मिलाचा नवरा दिगंबर हा गडहिंग्लजकडचा, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, आणि लग्नापासून सासऱ्यांच्याच घरी राहणारा. बापू त्याला नावाने कधी हाक मारत नसत. समोर असला तर 'अरे', नसला तर 'तो घाटी'.

"गुणोबाब, आजच येशात?" शर्मिला दबक्या आवाजात म्हणाली. "बापू उद्या देवळात कौल लावणार. दिगू जुगार खेळता की ना, ते देवाला विचारणार. उजवा पडला तर उद्याच्या उद्या बॅग भर म्हणतात त्याला."

"आणि तू?"

"मी काय? एका बॅगेत माझे कपडे मावत नाहीत. दोन भरीन."

आमच्याकडे कौल म्हणजे थट्टा नव्हे. देवाच्या अंगावर फुलाच्या कळ्या लावतात, प्रश्न विचारतात, आणि उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तिथे पडलेला निकाल कोर्टातसुद्धा फिरत नाही. आणि जुगाराचं नाव त्या घरात साध्या कारणाने निघालेलं नव्हतं. बापूंचा धाकटा भाऊ कॅसिनोच्या बोटीवर चढला तो आख्खं कुळागर बरोबर घेऊन, आणि उतरला तो नेसत्या पँटीनिशी. सुपारीची ती बाग आता दुसऱ्याची आहे. बापू अजून त्या रस्त्याने जात नाहीत, लांबचा वळसा घेतात.

मी पाळीला पोचलो तेव्हा बापू सोप्यावर, म्हणजे घराच्या दर्शनी ओट्यावर, बसलेले. मांडीवर टॅब्लेट. आत देवापुढे उद्यासाठी काढून ठेवलेला नारळ. दिगू मागल्या दारी लाकडं फोडत होता. घरात एवढी शांतता की कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव मला टोमणा वाटत होता.

"ये गुणो," बापू म्हणाले. "चेडवान, शर्मिलान, फोन करून आपयला न्हय तुका? मला ठावक आसा. बस. आणि हे बघ."

त्यांनी टॅब्लेटवरच्या एका चित्रावर बोट ठेवलं. बापू रोज सकाळी चहाआधी ते चित्र दाबत. ते खाणकंपनीचं पान. खाण परत सुरू झाली की कामावर घ्यायच्या माणसांची नावं तिथे लावणार, असं त्यांना बंद होताना कुणीतरी सांगितलेलं. बोट ठेवलं आणि उघडलं काय, तर लाल-सोनेरी झगमगाट, फिरणारं चक्र, हसणारी बाई, 'या, नशीब आजमावा.'

"माझा खाणीचा पान खंय गेला?" बापूंचा आवाज चढला. "त्या घाट्याने काढला आणि आपला जुगार थंय घातला! मी डोळ्यांनी बघितलाय त्याला. राउटराकडे बसून आकडे घालत होता. मी विचारल्यार म्हणता कसो, 'काय न्हाई मामा.' काय नाही म्हणजे काय? आकडे घालतात ते मटक्याक घालतात!"

मी मान हलवली. राउटरमध्ये आकडे घालतात ते मटक्याचे नसतात हे मला माहीत होतं. पण कुठले आकडे, हे बघितल्याशिवाय मी माझ्या बापावरही विश्वास ठेवत नाही.

मागल्या दारी गेलो. दिगूने कुऱ्हाड ठेवली, आजूबाजूला बघितलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, तुमास्नी एक सांगतो, पण शर्मीला सांगू नगासा. मामाच खेळत्यात."

"काय?"

"आईशप्पत! रोज सकाळी चा प्यायच्या आधी. मी लांबनं बघितलंय. त्येच चक्कर, तीच बाई. भावाचं तसं झालं, आता ह्येंचं. तोंडावर कसं बोलणार? सासरा माणूस. म्हणून मी गप राउटरमधी डीएनएस बदलला. असल्या पानांस्नी बंदी घालणारा एक नंबर मिळतो, त्यो घातला. तरी पान येतंयच! मला वाटतंय, मामाच त्यो नंबर परत काढत्यात."

मला हसू आवरेना, म्हणून मी खोकलो. सासरा जावयावर डोळा ठेवून, जावई सासऱ्यावर, आणि दोघंही एकमेकांना वाचवायला निघालेले. माझाच संशय सगळ्यांत मोठा. मी दोघांवरही घेतला, शर्मिलावर घेतला, शेजारच्या घरावर घेतला, कारण त्यांच्या गॅलरीतला मुलगा माझ्याकडे बघून उगीचच आत गेला होता. कोंबड्यावरही घेतला असता, पण त्याला टॅब्लेट पेलला नसता.

आता हे डीएनएस म्हणजे काय ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं. तुम्ही परगावी गेलात आणि तिठ्यावर उतरलात. 'अमक्याचं घर खंय?' हे कुणाला विचारता? तिठ्यावरच्या गाडेवाल्याला. तो भजी तळता तळता हात करतो, 'त्या आंब्याकडनं उजवीकडे.' इंटरनेटवरही तेच. तुम्ही पानाचं नाव टाकता. ते पान कुठल्या यंत्रावर राहतं हे तुमच्या टॅब्लेटला ठाऊक नसतं. तो एका गाडेवाल्याला विचारतो. त्या गाडेवाल्याचं नाव डीएनएस. साधारणपणे तुमच्या नेट कंपनीचाच गाडा असतो. पण तो आवडला नाही, तर राउटरमध्ये दुसऱ्या गाडेवाल्याचा नंबर घालता येतो. दिगूने घातलेला गाडेवाला सोवळा होता. जुगाराचा पत्ता विचारला तर 'माका खबर ना' म्हणून पाठ फिरवणारा.

मी राउटर उघडला. दिगूचा नंबर होता तिथेच होता. कुणी काढला नव्हता. बापूंना तो काढता आला असता तर ते खाणीवर नाही, उपग्रह सोडायला लागले असते.

म्हणजे सोवळा गाडेवाला तिठ्यावर उभा आहे, आणि तरी पाहुणा नेमका जुगाराच्या अड्ड्यावर पोचतो आहे.  मला एक चाचणी ठाऊक होती. कधी करून बघितली नव्हती, कारण ती फक्त आपल्याच माणसांवर संशय असेल तेव्हाच करायची असते.

नंबरांच्या जगात काही नंबर नुसते नमुना दाखवायला राखून ठेवलेले आहेत. जगाच्या पाठीवर त्या नंबरावर एकही यंत्र नाही. आमच्या हळर्णच्या किल्ल्यासारखं समजा. भिंती आहेत, नाव आहे, आत कुणी नाही. मी दिगूचा सोवळा नंबर काढला आणि तो रिकामा नंबर घातला. राउटरला झोपवून उठवलं, म्हणजे त्याची जुनी आठवण पुसली. मग दिगूच्या मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून त्यावर असं एक परदेशी पान मागवलं, जे पाळीत आजवर कुणीच मागवलं नसेल. कुठल्याशा थंड देशातल्या मेंढ्यांच्या पैदाशीचं.

हिशेब साधा. रिकाम्या किल्ल्याला पत्ता विचारला, तर उत्तर येता कामा नये. चक्र फिरत राहायला हवं. जगबुडीपर्यंत.

मेंढ्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, लोकरीने फुगलेल्या, माझ्याकडे टकामका बघणाऱ्या.

"ह्येच्यात काय झालं?" दिगूने विचारलं.

"दिगू," मी म्हणालो, "मी किल्ल्याची कडी वाजवली आणि आतून कुणीतरी 'कोण ते?' म्हणालं."

तिठ्याच्या अलीकडेच कुणीतरी उभं होतं. तुम्ही कुठल्याही गाडेवाल्याला हाक मारा, तो आधी येऊन त्याच्या आवाजात उत्तर द्यायचा. खरा सापडणारा पत्ता असला तर खराच सांगायचा, म्हणजे कुणाला शंका नको. आणि मी मुद्दाम एक बनावट नाव टाकून बघितलं तेव्हा कळलं, जगात नसलेल्या घराचा पत्ता विचारला, तर 'ना' म्हणायचं सोडून पाहुण्याला हाताला धरून कॅसिनोच्या दारात नेऊन सोडायचा. आणि पाळीतून बाहेर पडणारा प्रत्येक प्रश्न ज्या एकाच वाटेने जातो, ती वाट आमच्या कंपनीची. ऑफिसातली ती मोठी यंत्रं शेट स्वतः कुलपात ठेवत असे. मी आजवर समजत होतो, धूळ बसू नये म्हणून.

मी सोप्यावर जाऊन बापूंना हे सगळं समजावलं. गाडेवाला, किल्ला, मेंढ्या. बापूंनी ऐकून घेतलं आणि पानाची चंची काढली.

"गुणो, तू मशिनीचो माणूस. मशिनीत काय दाखवशी त्याचो मला भरवसो ना. आता मेंढ्यो दाखवल्यो, फाल्यां हत्ती दाखवशी. शिवाय तू त्याच कंपनीचो. स्वतःच्या शेटावर आळ कोण घेता? त्या घाट्याने तुला काय दिला?"

"मामा!" दिगू दारातून म्हणाला.

"तू गप रे. तुझो निकाल उद्या देवळात."

शर्मिला चौकटीला टेकून उभी होती. ती वळली. आत गेली आणि माळ्यावरून बॅग काढल्याचा आवाज आला. एक. मग दुसरी.

तेव्हा मी असं काम केलं, की जे माझ्या उभ्या नोकरीत मला कुणी शिकवलं नव्हतं. माझा फोन काढला, बापूंच्या समोर सोप्यावर ठेवला, आवाज मोठा केला, आणि शेटला लावला. बापूंना खूण केली, गप्प.

"शेट, गुणाजी. रविवारी त्रास देतो. पण इथे पाळीत एक मोठी पार्टी भेटली आहे. जाहिरात द्यायची म्हणते. ते आपलं लाल-सोनेरी पान आहे ना, चक्राचं, तशी. फक्त विचारतात, ते पान किती लोकांना दिसतं?"

"गुणो, तू जाहिराती कधीपासून आणायला लागलास रे?" शेटलाही संशय आला. एका धंद्यातले आम्ही.

"तसं नाही शेट. पार्टी म्हणते, हल्ली पोरं हुशार झालीत, राउटरात दुसरा नंबर घालतात. मग आपलं पान त्या घरात कसं पोचणार? मी म्हणालो, मग नाही पोचणार. तेव्हा पार्टी उठायला लागली."

हे शेटच्या वर्मी लागलं. शेटला लबाड म्हटलेलं चालायचं, कच्चा म्हटलेलं नाही.

"नाही पोचणार? तुला कोणी शहाणा केला? सांग त्यांना, पाळीपासून लाटंबार्सेपर्यंत एक घर सुटत नाही! घालू देत काय नंबर घालायचे ते, अमेरिकेचा घालू देत, चंद्राचा घालू देत. सगळे प्रश्न येतात आपल्याकडेच, आणि उत्तर देतो आपणच. वरनं गिऱ्हाईकाला वाटतं, आपण केवढे शहाणे! घरात दुसऱ्याच कुणावर तरी संशय घेतात, आपलं नाव येतच नाही! सांग, सांग त्यांना."

"सांगायला नको शेट," मी म्हणालो. "पार्टी ऐकतेच आहे."

बापू फोनकडे वाकले. आयुष्यभर डंपरच्या आवाजावर ओरडून हुकूम दिलेला माणूस. त्यांनी शेटला जे सुनावलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. एवढंच सांगतो, की अंगणातला कोंबडा शेजाऱ्यांकडे निघून गेला तो तिसऱ्या दिवशी परत आला. शेट मधे मधे म्हणत होता, 'सरकारचा हुकूम असतो, काही पानं बंद करावी लागतात, म्हणून मधे राहावं लागतं.' ते खरंच आहे. सरकार काही पानं बंद करायला सांगतं. पण त्या जागी चक्र फिरवा असं सरकार सांगत नाही, एवढं मलासुद्धा समजतं. फोन ठेवल्यावर बापू दम खात बसले.

"म्हणजे गुणो," ते हळूच म्हणाले, "कौल लावला देवाला, आणि जाप दिली भलत्यानेच?"

"अगदी तसंच, बापू. गाभाऱ्याच्या दारात बसून. देवाच्या आवाजात उत्तर देऊन."

बापूंनी हे बराच वेळ चघळलं. ज्या माणसाने जन्मभर कौलाचा शब्द खाली पडू दिला नाही, त्याला यंत्राचं पाप कळलं नव्हतं, पण हे पाप कळलं.

मग मी काम पुरं केलं. प्रश्न उघड्यावर ओरडून विचारायच्या ऐवजी बंद पाकिटात घालून पाठवायची सोय हल्ली टॅब्लेटमध्येच असते. मधल्या माणसाला पाकीट दिसतं, आतला मजकूर दिसत नाही, म्हणून त्याला खोटं उत्तरही देता येत नाही. दिगूचा तोच सोवळा गाडेवाला मी पाकिटावर घातला. राउटरमधला रिकामा नंबरही काढून पूर्वीचा लावला. मोबाइलवरच्या मेंढ्याही बंद केल्या.

"झालं," मी म्हणालो. "आता मधे कुणी नाही. विचारा काय ते, खरंच उत्तर येईल."

हे मी मोठ्या ऐटीत म्हणालो. म्हणताना बापूंच्या चेहऱ्याकडे बघितलं असतं, तर कदाचित सावकाश म्हणालो असतो.

बापूंनी धोतराने बोट पुसलं. खाणीच्या चित्रावर ठेवलं. चक्र नाही, बाई नाही, लाल नाही, सोनेरी नाही. पांढरं पान आणि बारीक अक्षरांत दोन ओळी. त्यांनी टॅब्लेट दिगूकडे केला.

"काय म्हणता ते?"

दिगूने वाचलं. परत वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"मामा... ह्ये म्हणतंय, असा पत्ता कुठं न्हाई."

"बंद आसा काय?"

"बंद न्हाई मामा. न्हाईच. कवाच काढलाय त्येंनी."

दारात शर्मिला दोन्ही हातांत दोन बॅगा घेऊन उभी होती, त्या तिने आवाज न करता खाली ठेवल्या. रस्त्यावरून एक रिकामा टिपर खडखडत गेला. पूर्वी त्या रस्त्यावर खनिजाचा ओर भरलेल्या ट्रकांची रांग एवढी लांब असायची की पहिला ट्रक जेटीवर रिकामा होई तेव्हा शेवटच्याचं लग्न ठरलेलं असे. बापूंनी त्या टिपरकडे बघितलं.

चक्र नसलेल्या पत्त्यालाच यायचं हे मीच शोधलं होतं, पण ते खाणीच्या पानाला लावून बघितलं नव्हतं. मला तेव्हा कळलं, की जावयाने पान चोरलं हे मानणं बापूंना सोपं जात होतं. चोरलेली वस्तू कुठेतरी असते. शेटची ती लबाडी बापूंच्या एवढी पथ्यावर पडली होती, की मी ती उघडी पाडली याचं मला तेव्हा वाईट वाटलं. अजूनही अधूनमधून वाटतं. शेटला सांगू नका.

शेटने मला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर मी मोकळा सुटलो असतो आणि मोकळा बोललो असतो, हे त्याला कळत होतं. पाळीतलं ते चक्र महिनाभर थांबलं, मग दुसऱ्या वाड्यात फिरायला लागलं. त्यानंतर मी ज्या घरात गेलो, तिथे तक्रार काही का असेना, आधी किल्ल्याची कडी वाजवून बघत असे. बहुतेक वेळा आतून 'कोण ते?' यायचंच. मग मी घरच्यांना पाकीट करायला शिकवायचो आणि ऑफिसात लिहून द्यायचो, 'राउटर बंद करून चालू केला.'

पण त्या रविवारी मी हत्यारं गोळा करत होतो, तेव्हा बापू अजून त्या पांढऱ्या पानाकडे बघत होते. उद्याच्या नारळाकडे त्यांनी एकदा नजर टाकली, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "उद्या जातलोच देवळात. नुसतो पायां पडूक."

मग सोप्यावर थोडे सरकले, आपल्या शेजारची जागा हाताने झाडली, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्या घरात ते नाव त्यांच्या तोंडून निघालं.

"दिगू, हांगा येऊन बस. हे धर." त्यांनी टॅब्लेट त्याच्या हातात दिला. "आता तू विचार, काय विचारायचा ते. माझा विचारून झाला."

दिगू बसला.  त्याने टॅब्लेट पालथा घातला, आणि सासऱ्यांची चंची उघडून त्यांच्यासाठी पान लावायला घेतलं.